एक कोयता, दोन माणसं

गहिनीनाथ आमच्या ऑफिसात कामाला येणार हे कळलं तेव्हा नावावरून मी कोणीतरी साठीचा, कपाळाला भस्म लावलेला माणूस डोळ्यांसमोर आणला होता. आला तो पंचविशीतला किडकिडीत मुलगा, पाठीला सॅक आणि हातात स्टीलचा डबा. नगरच्या सावेडीत मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. एका खोलीत मालक आणि एसी, दुसरीत आम्ही आणि पंखा. मी शिकवण्याचे व्हिडिओ बनवते, म्हणजे कॅमेरा, आवाज आणि कापाकापी सगळं एकटीच. गहिनी प्रोग्रॅम लिहायचा. त्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं, म्हणून जे झालं ते सांगायचा हक्क माझा आहे. बाकीचे सांगतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. कोणी म्हणतं बिचारा, कोणी म्हणतं नालायक. शेजारी बसून त्याचा डबा खाल्ला असता तर असं एका शब्दात बोलले नसते.

तो पाथर्डी तालुक्यातला. आई छबूबाई आणि वडील ऊसतोडीला जायचे. वडील गेल्यावर थोरला भाऊ राम आणि भावजय विजयमाला जाऊ लागले. दिवाळी झाली की भांडीकुंडी टेम्पोत टाकून निघायचं, ते उन्हाळ्यातच परत. गहिनीच्या कॉलेजची फी त्या दोघांच्या तोडीतून आली. हे तो कधी लपवत नसे, पण त्यावर भाषणही करत नसे. डब्यात शेंगदाण्याची चटणी आली की एवढंच म्हणायचा, "आरतीताई, घ्या, वहिनीच्या हातची आहे." आणि मी घेईपर्यंत डबा माझ्यापुढे धरून ठेवायचा.

ऊसतोडीतली एक गोष्ट मला त्याच्याकडून कळली. तिथे मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, आणि हिशेबात ती दोघं मिळून एक कोयता. बायको बाळंतपणाला घरी राहिली तर नवरा अर्धा कोयता. हे ऐकून मी भडकले होते. मी नगर शहरात वाढलेली, मला वाटलं, म्हणजे बाईला नावच नाही का? गहिनीला माझ्या रागाचं नवल वाटलं. म्हणाला, "अहो, मोजायची पद्धत आहे ती. त्यात काय एवढं?" भाकरी म्हणावं तसा तो शब्द त्याच्या तोंडात होता.

मग सुप्याकडच्या एका रबराच्या कारखान्याचं काम आलं. तिथे दोन लोखंडी रोलर एकमेकांच्या दिशेने फिरत असतात आणि त्यांच्यामध्ये कच्चं रबर दाबलं जातं. कामगार दोन्ही हातांनी ते आत सारत असतो. मी तिथे शूटिंगला गेले तेव्हा त्या रोलरकडे बघूनच मी दोन पावलं मागे सरले. मशीनच्या वरून एक लाल दोरी गेलेली. कोणाचा हात अडकला तर ती ओढायची, मशीन जागच्या जागी थांबतं. ज्याचे हात अडकलेत त्याला ती ओढता येत नाही, म्हणून शेजारी उभ्या असलेल्याने ओढायची. माझ्या सगळ्या धड्यांत हा धडा मी सर्वांत साध्या शब्दांत केला, आणि तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळा माझा आवाज कापत होता.

कारखान्याला हे धडे मोबाईलवर दाखवायचे होते. शिकवणीचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आम्ही बसवून दिलं. पण त्यांची एक वेगळी मागणी होती: ज्याने सगळे धडे पाहिले त्याच्याच कार्डाने गेट उघडलं पाहिजे. हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. शिलाई मशीनला चेन लावायचा वेगळा पाय बसवतात, तसा जादा तुकडा त्याला लिहून जोडायचा. त्याला प्लगिन म्हणतात. ते गहिनीने लिहिलं, आणि झकास लिहिलं. धडे संपले की कामगाराचं नाव पडद्यावर हिरवं, तोवर लाल. कारखान्याचे एच.आर.चे कल्याण साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि खाली जाऊन पेढे घेऊन वर आले.

कारखान्याला माणसं पुरवायचा वाल्मिक. हा गहिनीच्याच भागातला, पूर्वीचा ऊसतोडीचा मुकादम. ऊस सोडून आता तो टोळ्या सुप्याला आणू लागला होता, पण मोजण्याची सवय तीच. त्याने कामगारांचे मोबाईल नंबर पाठवले ते कोयत्यामागे एक. नवरा-बायको दोघांच्या नावापुढे नवऱ्याचाच नंबर. प्लगिन एका नंबरवर दुसरं नाव घेईना. पहिल्याच दिवशी पुरुष गेटातून आत आणि बायका बाहेर.

कल्याण साहेबांचा फोन आला. "अरे, त्या बायकांकडे फोनच नाहीत. नवरा-बायको एका खोलीत राहतात, एकाच फोनवर बघतील की. एका नंबरवर दोघांना घे ना."

गहिनीने जेवणाच्या आत ते करून टाकलं. एकाने धडे पूर्ण केले की जोडीचं दोघांचंही नाव हिरवं. मी त्याच्या पडद्यात डोकावले, तर त्या नव्या भागाला त्याने इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, कोयता.

"हे काय?" मी विचारलं.

"जोडी म्हणजे कोयताच ना," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. आपल्या गावाकडचा शब्द एवढ्या मोठ्या कामात बसला याचा त्याला आनंद झाला होता. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली. मी म्हटलं, "गहिनी, बघितलं एकाने आणि शिकले दोघं, असं होतं का रे?" तो म्हणाला, "ताई, ती माणसं सगळं बरोबरच करतात. तुम्हाला माहीत नाही."

कामगार धडे कधी बघतात हे आम्हाला ऑफिसात बसून दिसायचं. बघायचे दिवेलागणीला, कामावरून सुटल्यावर. त्या वेळी एका खोलीच्या घरात बाई कुठे असते हे समजायला मला सॉफ्टवेअर लागत नाही. ती चुलीशी किंवा गॅसशी असते, तिची पाठ मोबाईलकडे असते. आणि कितीतरी नवरे तर चहाच्या टपरीवर बसून बघत असणार. मी हे गहिनीला बोलून दाखवलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण त्याने काही बदललं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. तो घरच्यांशी बोलायचा तेव्हा आवाज मोठा ठेवायचा, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत असे.

"नाथा, राम आन् विजू बी वाल्मिकसंगं गेल्ये सुप्याला. रबराच्या कंपनीत. ऊसापरीस बरं हाय म्हनत्यात, सावलीत काम."

गहिनीचा चेहरा उतरला. "दोघंबी? वहिनीला कोणत्या मशीनवर लावलंय?"

"रामच्याच. दोघं एकाच मशिनीव हायेत. तुला सांगितलं न्हाई का त्यानं? तुझंच नाव घेत हुता सगळ्यांम्होरं. म्हनला, हे धडे माज्या भावानं केलेत."

रविवारी तो सुप्याला भावाच्या खोलीवर जेवायला गेला. सोमवारी आला तो निवांत. मला सांगू लागला, "दादाला सगळं विचारलं. दोरी कुठे, कधी ओढायची, बाही कशी बांधायची. एक चूक नाही, ताई. पाठ आहे त्याला सगळं."

"आणि वहिनी?"

"वहिनी दादाच्या शेजारीच उभी असते."

"मी ते नाही विचारलं."

"दादा म्हणाला, मला म्हायती हाय म्हंजी झालं, ती काय माझ्याबगर हात लावती का मशीनला." हे भावाच्या आवाजात म्हणून तो हसला. मी हसले नाही. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्याने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. वहिनीने माझ्यासाठी वेगळी चटणी बांधून दिली होती. ती मी खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात एका बाईच्या शर्टाची बाही रोलरमध्ये गेली. तोडीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तसाच घालून ती कामावर आली होती. शर्ट जुना होता म्हणून टरकन फाटला आणि हात वाचला. कल्याण साहेबांनी फोनवर हे असं सांगितलं, जणू कोणाची चप्पल तुटली. "बाकी काही नाही, पण तेवढं बाही बांधण्याचं व्हिडिओत आहे ना? मग झालं. त्या बाईचं नाव हिरवंच आहे."

फोन ठेवल्यावर गहिनीने त्या बाईचं नाव पडद्यावर शोधलं. मग त्याने कोयता बंद केला. जिने स्वतः धडे पाहिले नव्हते ती प्रत्येक बाई लाल झाली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल. त्याचा श्वास मोकळा झाल्याचं मला शेजारी बसून कळलं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. ऑफिसात येऊन बसतो न बसतो तोच वाल्मिकचा फोन.

"नाथा, काय केलंस रं? माझे समदे कोयते अर्धे झाले की. बाया उनात बसल्यात गेटाभाईर. कंपनी म्हनती, उद्या पूर्ण कोयते आन, न्हाईतर दुसरा मुकादम बघतो."

"वाल्मिकअण्णा, बायांना धडे बघू द्या ना. आजच दाखवा. मी तुम्हाला एक मोबाईल पाठवतो."

"आन् मशीन कोन चालवनार तंवर? तू?"

मग कल्याण साहेब. त्यांनी आमच्या मालकांना फोन केला, मालक आपल्या खोलीतून बाहेर आले, आणि मालक बाहेर येणं ही आमच्याकडे चांगली खूण नसते. गहिनी त्यांच्यासमोर ठाम राहिला. मालकांना नाही म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

त्याला मोडलं ते आईने. दुपारी तिचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलत होती.

"नाथा, विजूला गेटाभाईर बसवलं म्हनं. तुझ्या त्या मशिनीनं."

"आई, तिनं धडे बघितले न्हाईत."

"रामनं बघितलेत न्हवं?"

"रामनं बघितलं म्हणून तिला कसं कळंल?"

 ती म्हणाली, "तुझ्या बापासंगं म्या समदी हयात ऊस वाहिला. मला कुनी कंदी येगळं मोजलं न्हाई. आन् तू आता मोजाया लागला व्हय? त्या पोरीनं तुझ्यापायी किती मोळ्या वाहिल्या, आन् तू तिलाच उनात बसवतो?"

गहिनीने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. म्हणाला, "दोन दिवसांपुरतं चालू करतो. तोवर नवीन लिहितो. गेटवरचं यंत्रच प्रत्येकीला मराठीत आवाजात प्रश्न विचारेल, दोरी कधी ओढायची. उत्तर दिलं तरच गेट. फोन नको, नंबर नको, काही नको."

"मग तेच आधी लिही. तोवर लालच राहू दे."

"तुम्हाला काय जातंय बोलायला, ताई?" तो माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचा चिडला. त्याने कोयता चालू केला. बायका हिरव्या झाल्या.

प्रश्न मी त्याच दुपारी माझ्या आवाजात भरून दिले. त्याने लिहायला सुरुवातही केली होती. पण कारखान्याकडे बाहेरची मोठी माणसं पाहणीला येणार होती. कल्याण साहेबांना त्याआधी रंगीत तक्ते हवे होते, किती कामगार प्रशिक्षित, किती टक्के पूर्ण. मालक म्हणाले, आधी हे. दोन दिवसांचा आठवडा झाला, मग दुसरा लागला. रोज सकाळी गहिनी ते अर्धवट काम उघडायचा, आणि रोज कोणीतरी त्याला त्यातून उठवायचं. तक्ते सुंदर झाले होते. सगळं हिरवंगार. मला ते रंग बघवत नव्हते.

फोन आला तो भर दुपारी, आम्ही डबे उघडले होते तेव्हा. वाल्मिक होता आणि रडत होता. त्याच्या रडण्यातून गहिनीला पहिल्यांदा एवढंच कळलं की हात गेला. तो उठून उभा राहिला आणि "वहिनी, वहिनी" एवढंच म्हणत राहिला. फोन माझ्याकडे घेऊन मी नीट विचारलं. हात विजयमालाचे नव्हते. रामचे होते.

नगरमधल्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा रामला आत नेलेलं होतं. बाहेरच्या बाकावर विजयमाला बसली होती. साडीवर शर्ट, शर्टावर जे होतं ते मी लिहीत नाही. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याहून लहान निघाली. चटणीवरून मी तिला मोठी समजले होते. वाल्मिकने सांगितलं ते असं: रामचे दोन्ही हात ओढले गेले. तो ओरडत होता, "दोरी, विजे, दोरी." ती शेजारीच होती, दोरी तिच्या डोक्यावर होती. तिने नवऱ्याची कंबर धरली आणि त्याला मागे ओढत राहिली. शेवटी पलीकडच्या मशीनवरचा माणूस धावत आला आणि त्याने दोरी ओढली. डावा हात राहील म्हणत होते. उजवा कोपरापासून गेला होता.

कल्याण साहेब तिथेच होते, बरोबर कारखान्याचे आणखी एक अधिकारी. ते अधिकारी बाकासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. रेकॉर्डिंग चालू होतं हे मला दिसलं. त्या बाईला दिसलं नसावं.

"बाई, तुमचं ट्रेनिंग झालं होतं ना?"

"व्हय," विजयमाला म्हणाली. "आमचं झाल्तं."

"म्हणजे तुम्हाला दोरीची माहिती होती."

तिने रामला नेलं होतं त्या दाराकडे पाहिलं.

"तुमचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे. मग दोरी का नाही ओढली?"

"मला वाटलं, लायटीची दोरी हाय," ती म्हणाली. "हात लावू नी म्हनून म्या लांबच ऱ्हायची तिच्यापून. ह्ये म्हनत हुते दोरी, दोरी. मला वाटलं कुटली दोरी आनू. माजीच चूक झाली, सायेब. लिवून घ्या. माजी चूक."

अधिकाऱ्यांनी कल्याण साहेबांकडे पाहून मान हलवली. त्या दोघांचे हलके झालेले चेहरे पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत गहिनी पुढे झाला.

"तिचं ट्रेनिंग झालं नव्हतं, साहेब."

"सिस्टीममध्ये हिरवं आहे," कल्याण साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "गहिनीनाथ, तू आत्ता बाजूला थांब. तुझ्या नोकरीचा विचार कर."

"हिरवं मी केलं. नवऱ्याने बघितलं की बायको आपोआप हिरवी होते, तसं मीच लिहिलंय. तिने एकही धडा बघितलेला नाही. मी बंद केलं होतं, परत चालूही मीच केलं. हे रेकॉर्ड करा. लिहून पाहिजे असेल तर लिहूनही देतो." त्याचा आवाज चढला नव्हता. पुढे त्याने ते सरकारी चौकशीत लिहून दिलंही, आणि महिन्याच्या आत त्याचं टेबल रिकामं झालं. रामला जी काही भरपाई मिळेल ती त्या कागदामुळे मिळेल असं वकील म्हणतात. पण हे नंतरचं.

अधिकाऱ्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि दोघं फोन करायला जिन्याकडे गेले. गहिनी वहिनीसमोर खाली फरशीवर बसला. ती त्याच्याकडे बघत होती. तो जे बोलला ते तिला एकेक करून उमगत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रागाचं नाव नव्हतं. राग असता तर मला तिथे उभं राहता आलं असतं.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?" तिने विचारलं. "म्या ते बघितलं न्हाई म्हनून?"

"हो, वहिनी."

"तुमी रविवारी जेवाया आल्ता. यांना समदं इचारलं, दोरीचं, बाहीचं. तवा म्या तितंच भाकरी थापीत हुते, भाऊजी. तुमच्या पाठीमागं."

गहिनीने मान वर केली नाही.

"मला का न्हाई इचारलं?"

 आतून नर्सने हाक मारली, आणि ती शर्टाला हात पुसत उठून गेली.